दोनने भाग जातो

“दोनने भाग जातो,” आ-हिया म्हणाला, आणि माझ्यापुढे पसरलेला हात त्याने मागे घेतला. एवढंच. आवाजात राग नव्हता. खिडकीवरचा कारकून ‘उद्या या’ म्हणताना जेवढा कोरडा असतो, तेवढाच कोरडा. मग मान जराशी वाकडी करून त्याने माझ्या खांद्यामागे पाहिलं, पुढचं माणूस कोण आहे म्हणून. माझ्यामागे कुणी नव्हतं. हिरवट भिंत होती, तिच्यावर गेल्या चिनी नववर्षाचा लाल कागदी मासा अजून चिकटलेला होता, आणि कोपऱ्यात एक म्हातारी पेजेचा वाडगा मांडीवर धरून झोपली होती. मी आणलेले आंगकू, मुगाचं सारण भरलेले, लालभडक, त्याच्या आवडीचे, केळीच्या पानावर तसेच राहिले. तो माझा सख्खा थोरला भाऊ; आमच्या होक्कियन बोलीत आ-हिया म्हणजे दादाच. बरेच दिवस झाले, त्याच्या तोंडून माझं नाव आलं नव्हतं. पण निदान तो ‘बसा’ म्हणायचा, ओळखीची कुणीतरी बाई आहे अशा अंदाजाने हसायचा, आणि मी तेवढ्यावर समाधान मानायला शिकले होते. आज मात्र त्याने जेवणाचं घडीचं टेबल पुढे ओढलं, दोन्ही कोपरं त्यावर टेकली आणि हात पुढे करून विचारलं, “नंबर?” आमच्याकडे हा प्रश्न दिवसातून कुठे ना कुठे कानावर पडतोच. बँकेत, दवाखान्यात, विजेच्या बिलाच्या खिडकीवर. माणूस कार्डावरचे बारा आकडे घडाघडा म्हणतो आणि पुढे सरकतो. मीही म्हटले. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणेन. बारावा आकडा माझ्या तोंडून पडला मात्र, त्याने निकाल दिला.

“अहो चिकगू, तुमची बहीण आहे ना ती,” मल्लिगा दारातून ओरडली. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या घरात आ-हियाचं न्हाणं-खाणं तीच बघते. चिकगू म्हणजे मास्तर. तिथे सगळे त्याला तसंच म्हणतात. “रोज येते बिचारी, बस बदलून. आणि तुम्ही तिला भागता कसले?”

आ-हियाने तिच्याकडे पाहिलंही नाही. “माझ्या बहिणीला भाग जात नाही,” तो म्हणाला.

बाहेर आले तेव्हा आयर इतामच्या डोंगरावरचं देऊळ उन्हात पांढरं पडलं होतं आणि बसथांब्याचा पत्रा तापला होता. बस आली, गेली, मी चढले नाही. काय झालं ते मला नीट कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच पाय उचलत नव्हते. भाऊ विसरला असता तर चाललं असतं. म्हातारपणी माणसं विसरतात, आमची आई शेवटी आरशातल्या बाईला खुर्ची द्यायची. पण आ-हिया मला विसरला नव्हता. तो माझी वाट पाहत होता. तिथे बसून, टेबल मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नंबर विचारत तो मलाच शोधत होता, आणि मी समोर उभी राहिले तर ‘ही ती नव्हे’ असं गणिताने सिद्ध करून त्याने मला बाजूला काढलं होतं. त्या गणितात चूक नव्हती, हे आणखी वाईट. मी आता ती नव्हेच.

आमच्या बारा आकड्यांची गंमत अशी आहे की पहिले सहा तुमची जन्मतारीख, पुढचे दोन तुमचं राज्य, आणि उरलेले चार सरकार देईल ते. त्यातला शेवटचा पुरुषाला विषम आणि बाईला सम. ही कार्डं नवीन निघाली तेव्हा मी तिशीला टेकले होते आणि टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये कामाला होते. आ-हिया चिनी शाळेत गणित शिकवायचा. घरी आई, मी आणि तो. तो आपलं कार्ड घेऊन आला, त्या बारा आकड्यांकडे लोक लहान बाळाकडे बघतात तसा बघत बसला, आणि जेवताना म्हणाला, “आ-मोय, हे तर भलतंच. या देशातली एकही बाई कधी मूळ संख्या असणार नाही. सरकारने सगळ्यांना जन्मतःच दोनने भागून ठेवलंय.” आ-मोय म्हणजे धाकटी बहीण, मी. मूळ संख्या म्हणजे काय हे मला त्याने फार लहानपणी शिकवलं होतं. जी स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कुणालाच दाद देत नाही ती. आई म्हणाली, “भागेनात का, तांदळाचा भाव वाढला नाही म्हणजे झालं.” मग माझं कार्ड आलं. त्याचा शेवटचा आकडा होता सात.

कुणा कारकुनाची चूक. दुपारी जेवून आला असेल, डुलकी लागली असेल. पण आ-हियाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने कार्ड टेबलावरून उचलून उजेडात धरलं, पुन्हा पाहिलं, आणि तो मोठ्याने हसला. आमच्या घरात मोठ्याने हसायची रीत नव्हती. वडील गेल्यापासून तर नव्हतीच. “सुटलीस,” तो म्हणाला. “तू एकटीच सुटलीस.” मला वाटलं, चला, पदरी पडलं आणि पवित्र झालं. पण पवित्र वगैरे काही झालं नाही, ताप मात्र झाला. बँकेतली मुलगी म्हणायची, “हे मिस्टरांचं कार्ड आणलंत का?” पोस्टातला माणूस फोटो बघायचा, मला बघायचा, आणि शेजारच्याला कोपराने ढोसायचा. एक्स्चेंजमधल्या पोरींनी तर मला आडनावावरून ‘मिस्टर ओई’च करून टाकलं; दुपारी चहा आला की एकजण म्हणणारच, “आधी साहेबांना द्या गं.” मी वरवर हसायचे. घरी येऊन आ-हियाला सांगितलं की तो म्हणायचा, “त्यांना काय कळतंय. त्या सगळ्या दोनच्या पाढ्यातल्या.”

आकड्यांचं वेड त्याला कुणी लावलं, ठाऊक नाही. वडील लॉरी चालवत, त्यांना बेरीज पुरे होती. वडिलांच्या अंत्ययात्रेची गोष्ट आमच्या नात्यात अजून सांगतात. प्रेतगाडी दाराशी लागली, आम्ही सुतकाच्या गोणपाटी टोप्या घालून उभे, आणि मामा-काका सगळे गाडीचा नंबर टिपून घेण्यात गुंतलेले, कारण मेलेला माणूस जाताना नंबर देऊन जातो आणि तो चार आकडी लॉटरीत लावायचा असतो, ही आमच्याकडची जुनी समजूत. नंबर होता ४०८७. आ-हिया तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. रडून रडून डोळे सुजलेले, आणि त्या सुजल्या डोळ्यांनी नंबराकडे बघत तो हलकेच पुटपुटला, “एकसष्ट गुणिले सदुसष्ट.” धाकट्या मामाने तेवढं ऐकलं, ४०८७ सोडून ६१६७ लावला, आणि तो लागला! मग काय विचारता. वडिलांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला घर गच्च भरलं, आणि जो तो आ-हियाच्या पाठीवरून हात फिरवी, “बाळा, काही दिसतंय का रे?” त्याला काही दिसत नव्हतं. त्याला त्या दिवशी रडू आवरायला काहीतरी धरायचं होतं आणि हाताशी तेवढाच आकडा होता. हे मला ठाऊक होतं, कारण मी त्याच्या बाहीला धरून उभी होते. पुढे आयुष्यभर लोकांनी त्याच्याकडे कौल मागितला आणि त्याने फक्त भागाकार केला.

माझा आकडा मूळ आहे की नाही हे बघायचं त्याने मनावर घेतलं तेव्हा त्यात थट्टा होती. मग थट्टा उरली नाही. बारा आकडी संख्या हाताने भागत जायचं, तीनने, सातने, अकराने, तेराने, प्रत्येक मूळ संख्येने एकेकदा. हे काम माणसाचं नव्हे, हे मलाही कळत होतं. शाळेत एक संगणक आला होता, कापडी खोळ घालून ठेवलेला. मी म्हटलं, “त्याला विचार ना, तो क्षणात सांगेल.” आ-हिया म्हणाला, “तो सांगेल गं. पण मला कळणार नाही.” शाळेतून आला की तो मागच्या चौकात बसायचा, जिथे आमच्या अंधाऱ्या लांबट घरात वरून उजेड आणि पाऊस दोन्ही पडत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर भागायचा. मी धुणं वाळत घालायचे, तिथेच केस धुवायचे. पेन्सिलीचा आवाज यायचा. मधूनच तो मला सांगायचा, “आज दोनशे त्र्याऐंशीने पाहिलं. नाही बाई, दाद देत नाही.” जणू कुणी मला मागणी घालायला आला होता आणि आ-हियाने त्याला दारातून परत लावला होता. मी लोकांची बोलणी जोडून देणारी बाई. दिवसभर माझ्या कानातून शेकडो नंबर जात आणि एकही थांबत नसे. पण त्या चौकात मला वाटायचं की जगात एक तरी माणूस माझा नंबर पुन्हा पुन्हा, सावकाश, दर वेळी पहिल्या आकड्यापासून लिहून काढतो आहे. सुख असं त्यालाच म्हणायचं असेल तर मी सुखी होते. तेव्हा ते कळलं नाही. मग सातव्या महिन्यात, पितरांसाठी दारोदार कागद जाळतात त्या दिवसांत, एका संध्याकाळी तो पेन्सिल कानावर ठेवून स्वयंपाकघरात आला आणि आईच्या पाठीकडे बघत म्हणाला, “मूळ आहे. संपलं.” आई कढई घासत होती. “बरं झालं,” ती म्हणाली. “आता त्या मुळाला नवरा बघ.” रस्त्यावर पत्र्याच्या पिंपात वडिलांसाठी कागदी पैसे जळत होते. आ-हियाने कॅलेंडरच्या पानांचा सगळा गठ्ठा नेऊन त्यात टाकला. मला वाटलं, वडिलांना दाखवायला पाठवतोय.

नवरा आईने पाहिला नाही, मीच पाहिला. मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. नोंदणी करायला गेलो तर कारकुनाने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि भुवया चढवल्या. “दोन पुरुषांचं लग्न लावू म्हणता?” माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे कान लाल झाले. “दुरुस्त करून घे आधी,” तो बाहेर येऊन म्हणाला, “एका आकड्यापायी सगळं अडलंय.” घरी आ-हिया म्हणाला, “एका नाही. शेवटचे चारही बदलतील. आ-मोय, राहू दे ना. बिननोंदणीचं कर. चहाचा विधी करू, पाहुणे जेवू घालू, कोण विचारतंय.” त्याने कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. आई म्हणाली, “हा वेडा आहे आणि तू त्याचं ऐकलंस तर तूही वेडी.” मी दुरुस्ती करून घेतली. मला त्याचा पश्चात्ताप वगैरे नाही. माणसाला नंबरासाठी जगता येत नाही. त्या खिडकीवर एका बाईने कात्रीने जुन्या कार्डाचा कोपरा कापला, ट्रेमध्ये टाकलं आणि नवं दिलं. मी ते घरी आणून आ-हियापुढे ठेवलं. त्याने पाहिलं. “दोनने भाग जातो,” तो म्हणाला, आणि जेवायला बसला. भांडण नाही, अबोला नाही. लग्नात त्याने चहाही घेतला माझ्या हातचा. पण त्यानंतर त्याने मला कधी कुठला आकडा दाखवला नाही. लग्न काही वर्षं टिकलं, मग नवरा दुकानासकट इपोला गेला, तिथे त्याचं दुसरं बिऱ्हाड आधीपासून होतं. मी पुन्हा त्याच अंधाऱ्या घरात आले आणि आ-हियाने काही न विचारता पंखा माझ्या खोलीत आणून ठेवला.

आणि आता हे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. सगळे चार-पाच पायऱ्यांत अडखळतात म्हणे. आ-हिया दोनवर पोचला, थांबला नाही, उणे पाच, उणे बारा करत खाली उतरत राहिला, शेवटी डॉक्टरनेच हात जोडले. मग विचारलं, हे साल कोणतं? आ-हिया ओशाळला. “तुम्ही सांगा कोणतं ते,” तो म्हणाला, “मी त्याचे अवयव पाडून देतो.” मी हसले, डॉक्टर हसला, आणि परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, “ताई, तुम्हाला कुठे उतरायचं?” मी त्याची धाकटी बहीण. त्या दिवसापासून पायाखालचं एकेक फळकूट निघत गेलं. रस्ते गेले, पदार्थांची नावं गेली, आई मेली आहे हे गेलं. आकडे राहिले. आणि त्या आकड्यांत कुठेतरी मी राहिले आहे हे मला त्या पत्र्याखाली उभं असताना पहिल्यांदा कळलं, आणि लगेच दुसरं कळलं: तो जुना नंबर मला आठवत नव्हता.

पहिले आठ आकडे तेच, ते कुठे जातात. शेवटचा सात. मधले तीन? डोळे मिटले, ओठ हलवले, जुन्या एक्स्चेंजमध्ये कानाला लावायचो ते यंत्र कानाला लावल्याचं सोंग केलं. काही नाही. नव्या नंबराने जुन्याला असं बुजवून टाकलं होतं की त्या जागी खड्डाही जाणवू नये. माझा पहिला आकडा, ज्याच्यासाठी एका माणसाने आपल्या संध्याकाळी जाळल्या, तो जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता: आ-हियाच्या डोक्यात. आणि त्या डोक्यात शिरायला तोच लागत होता. दुसऱ्या दिवशी मी अंदाजाने तीन आकडे ठरवले. चेहऱ्यावर उसनं अवसान आणलं. “नंबर?” तो म्हणाला, आणि मी बाराच्या बारा न अडखळता सांगितले. त्याने बोटाने टेबलावर काहीतरी लिहिलं, फार वेळ लागला नाही. “तीनने भाग जातो,” तो म्हणाला, आणि मग, शाळेत नक्कल करणाऱ्या पोराला समज द्यावी तशा हळू आवाजात, “बाई, उगाच दुसऱ्याचं नाव लावून येऊ नका. ती रागावेल.”

मागच्या मोरीपाशी, जिथे गाद्यांच्या चादरी उकळत्या पाण्यात घालतात, तिथे मी तोंडावर पाणी मारत उभी होते. मल्लिगा बादली घेऊन आली. “रडताय होय, आन्टी? रडा रडा. इथे सगळे येऊन इथेच रडतात, ही जागाच तसली आहे.” मग बादली खाली ठेवून म्हणाली, “पण कोणत्या नंबराचं एवढं घेऊन बसलाय तुम्ही दोघं?” मी तिला सांगितलं, कारण कुणालातरी सांगायलाच हवं होतं. एक जुना नंबर आहे, त्याला तेवढाच पटतो, आणि मला मधले आकडे आठवत नाहीत.  मल्लिगाने पदराने ओठ पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाली, “आन्टी, रागावणार नाही ना? पाच तीन आठ सात.”

“काय?”

“सकाळी अंघोळ घालताना म्हणतात ना ते. डोक्यावर पाणी पडलं की सुरू. अख्खा बारा आकडी, हाक मारल्यासारखा. तुमच्या होक्कियनमध्ये. मला पहिले कशाला हवेत, मी शेवटचे चार धरले.” ती लाजली. “लावते मी. बुधवारी, शनिवारी, रविवारी. चिकगू साधा माणूस, देवाजवळचा, म्हटलं त्यांच्या तोंडून येतंय तर काहीतरी असणार. कसलं काय! इतके महिने झाले, एकदा उलटा लागला, सात आठ तीन पाच. मी तर कपाळ बडवून घेतलं.”

पाच तीन आठ सात. मी मोठ्याने म्हणून पाहिलं. काही हललं नाही आतून. दुसऱ्या कुणाच्या घराची किल्ली हातात द्यावी तसं वाटलं. पण सात शेवटी होता. मी मल्लिगाचा ओला हात धरला आणि ती म्हणाली, “आता तुम्ही पण लावणार की काय? लावा बाई, दोघींनी लावला तर लाजेने तरी लागेल.”

घरी आले, दुपार होती, जेवण गार झालं होतं, आणि मला आनंद झाला होता. हे सांगायलाच हवं. किती तरी वर्षांनी असा, पोटात गुदगुल्या झाल्यासारखा. मला तो नंबर डोळ्यांनी बघायचा होता. फोनवर आता अशी पानं असतात की आकडा टाकला की त्याचे तुकडे करून दाखवतात. आ-हियाला असल्या गोष्टींचा तिटकारा. पण मला काही तपासायचं नव्हतं हो. मला फक्त कुणीतरी परक्याने, यंत्राने का होईना, माझ्याकडे बघून ‘मूळ’ म्हणावं असं वाटत होतं. जन्मात एकदा. मी चष्मा पुसला, बारा आकडे टाकले. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. आठशे सत्तावीस गुणिले एक नऊ आकडी संख्या.

चुकून एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. पुन्हा टाकला. आठशे सत्तावीस. मग मी कागद घेतला, बिलाचा जुना लिफाफा, आणि तोंडी लावायला ठेवलेलं लोणचं बाजूला सारून भागायला बसले, त्याने शिकवलं होतं तसं, डावीकडून एकेक आकडा खाली उतरवत. भागाकार म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. खाली शून्य आलं. बाकी काही उरली नाही.

आ-हियाकडून चूक होईल? मी त्याच्याशेजारी केस वाळवत बसले आहे, मी ते भागाकार पाहिले आहेत. तो लोणच्यातला मासा खाताना काटे काढतो तसे आकडे काढायचा. एकही चुकायचा नाही. आणि दुसरं, जे मला तेव्हाच सुचायला हवं होतं: असला आकडा मूळ आहे असं हाताने ठरवायला जन्म पुरला नसता. ‘संपलं’ असं त्याला म्हणताच आलं नसतं. ‘मूळ नाही’ एवढंच त्याला कळू शकत होतं, आणि ते कळलं तेव्हाच पेन्सिल थांबली. आता मला ती संध्याकाळ दुसऱ्या बाजूने दिसायला लागली. तो चौकात बसलेला आहे, आठशे सत्तावीसने भागतो आहे, एकेक आकडा खाली उतरतो आहे, आणि खाली शून्य. पलीकडे मी चादरी पिळते आहे, बहुतेक गुणगुणते आहे. तो ते शून्य बघतो. मग मला बघतो. मग पेन्सिल कानावर ठेवून उठतो आणि, माझ्या डोळ्यांत बघायला नको म्हणून, आईच्या पाठीला सांगतो, “मूळ आहे.” आणि पुरावा पितरांच्या जाळात. आयुष्यात त्या माणसाने एकदाच आकड्याविषयी खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. मी टेबलावर डोकं ठेवलं. लोणच्याचा वास येत होता. मला वाटलं, हे त्याला सांगावं, हे कळलं म्हणून सांगावं. आणि मग वाटलं, कुणाला सांगणार? खोटं तो केव्हाच विसरला. राहिला तो नंबर. आता तो खरोखरच मूळ आहे, त्या एका डोक्यात.

सकाळी मी आंगकू घेतले आणि लवकरची बस धरली. मल्लिगाने त्याचे केस विंचरून भांग पाडला होता, पावडर लावली होती. तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मुद्दाम दारातच कपडे घड्या करत राहिली. आ-हियाने टेबल ओढलं. हात पुढे केला.

“नंबर?”

मी सांगितला. सावकाश, एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावचा कॉल जोडताना सांगायचो तसा, एकेक आकडा सुटा. पाच. तीन. आठ. सात. त्याचं बोट टेबलावर आलं आणि चालू लागलं. मी त्या बोटाकडे पाहत राहिले. हे मी लक्षातच घेतलं नव्हतं की तो भागणार. तो विसरलाय, पण त्याचं बोट विसरलेलं नाही. तीनने जात नाही, बोट पुढे. सात, अकरा, तेरा. ओठ हलत होते. आठशे सत्तावीस फार लांब नव्हतं. त्याच्यासारख्याला तर नव्हतंच. तिथे पोचला की मी पुन्हा परकी. मी त्याचा हात धरायला पुढे झाले आणि धरला नाही, कारण परक्या बाईने हात धरलेला त्याला आवडत नाही. मल्लिगाची घडी अर्ध्यावर थांबली होती. कोपऱ्यातली म्हातारी खोकली. बोट चालत राहिलं, चालत राहिलं, आणि मग, कुठे ते मला कळलं नाही, थांबलं. त्याने तळहाताने टेबल पुसलं, जणू खरंच तिथे काही लिहिलेलं होतं.

“आ-मोय,” तो म्हणाला. “केवढा उशीर केलास.”

“बस मिळाली नाही, आ-हिया.”

“बस.” त्याने सरकून बाकावर जागा केली. मी बसले. त्याच्या अंगाला पावडरीचा वास येत होता. त्याने दाराकडे पाहिलं, मल्लिगाकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी वाकून, लहानपणी वडिलांच्या धाकाने बोलायचो तसं, अगदी हळू विचारलं, “अजून कुणी भागलं नाही ना तुला?”

“नाही,” मी म्हटलं. “कुणाला जमलंच नाही.”

त्याने मान हलवली. मग आंगकूचं पान स्वतःच्या हाताने उलगडलं, आणि मोठा होता तो माझ्यापुढे सरकवला. माझी पर्स मांडीवर होती, तिच्यात माझं कार्ड होतं. मी ती बाकाखाली ठेवली आणि खायला लागले.